तांब्याची नाणी मोडीत घालू नका

शेतात नांगरताना सोन्याचे नाणे निघाले, तर तासाभरात गावभर बोभाटा होतो. पोलीसपाटील येतो, तहसीलदार येतात, पंचनामा होतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. त्याच शेतात हिरवट-काळ्या पुटाच्या तांब्याच्या शे-दीडशे चकत्या निघाल्या, तर त्यांच्या वाट्याला यातले काही येत नाही. काही पोरांच्या खिशात जातात, एखादी देव्हाऱ्यात हळदीकुंकवाखाली बसते आणि उरलेल्या फुटक्या भांड्यांच्या मोडीबरोबर तराजूत पडतात. यात आपण फार मोठे धन गमावतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोन्याचे नाणे राजाच्या वैभवाची साक्ष देते. पण त्या राज्यातला मजूर, भाजीवाली, शिपाई, नावाडी कसे जगत होते, हे सांगायला तांबे, पितळ आणि काशाचीच नाणी लागतात. आणि नेमकी तीच आपण वितळवतो.

हे कारध्याहून सांगण्याला कारण आहे. वैनगंगेच्या एका काठावर भंडारा, दुसऱ्या काठावर कारधा. नागपूर–रायपूर महामार्ग इथेच नदी ओलांडतो. पावसाळ्यात सारा जिल्हा कारध्याच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसतो, २४५.५० मीटरची खूण ओलांडली की नदीकाठच्या गावांच्या पोटात गोळा येतो. पलीकडचे भंडारा हे पितळेचे शहर. गुंड, गंगाळे, घागरी, पराती घडवणाऱ्या हातांनी या शहराचे नाव विदर्भाबाहेर नेले. इथून नदी खाली पवनीकडे जाते आणि पवनी म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे तटबंदीचे नगर. धातू नजरेने ओळखणारी माणसे, जुन्या वसाहती पोटात घेतलेली माती आणि ती माती रोज उकरणारी यंत्रे अशी तिन्ही जिथे एकत्र आली आहेत, तिथे हा विषय काढायचा नाही तर कुठे काढायचा?

हलक्या धातूच्या नाण्यांतून केवढा इतिहास वाचता येतो, याचे सर्वात मोठे उदाहरण प्राचीन रोमचे आहे. रोमच्या पैशाची सुरुवात सोन्या-चांदीने झालीच नाही. आधी काशाचे ओबडधोबड तुकडे वजनावर चालत, मग ओतीव पट्ट्या आल्या आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात ओतीव गोल नाणी. त्यांतले ‘आस’ हे मूळ नाणे एका रोमन पौंडाचे, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. कार्थेजशी झालेल्या युद्धांनी तिजोरी खरवडून निघाली आणि आस हलका होत गेला. पुढच्या शतकात तो सत्तावीस ग्रॅमवर आला. कोणत्याही इतिहासकाराने त्या युद्धांबद्दल एक ओळ लिहिली नसती, तरी रोमवर केवढे संकट आले होते ते या एका नाण्याच्या वजनावरून कळले असते.

इ.स.पू. २३ च्या सुमारास ऑगस्टस बादशहाने ही व्यवस्था नव्याने बसवली. सोन्याच्या एका ऑरियसचे पंचवीस चांदीचे दिनारियस, एका दिनारियसचे चार सेस्टर्शियस, एका सेस्टर्शियसचे चार आस आणि एका आसाचे चार क्वाड्रन्स. आस आणि क्वाड्रन्स तांब्याचे. सेस्टर्शियस आणि त्याच्या निम्म्या किमतीचा डुपोंडियस मात्र पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्त यांचे. भंडाऱ्याच्या भट्टीत जे पितळ ओतले जाते, त्याच जातीचे. नवे असताना सेस्टर्शियस सोन्यासारखा पिवळाधमक दिसे. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास आणि रुंदी साडेतीन सेंटिमीटरच्या घरात. नीरो बादशहाच्या काळातला एक सेस्टर्शियस प्रसिद्ध आहे. त्याच्या एका बाजूला बादशहाचा जाड मानेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला रोमजवळचे ऑस्टिया बंदर, जणू घारीच्या नजरेने पाहिलेले. दोन्ही कडांनी वळलेले धक्के, मध्ये शिडांची आणि वल्ह्यांची जहाजे, खाली रेलून बसलेला जलदेव. एवढ्याशा चकतीवर एवढे सगळे. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यालाही बादशहाने बंदर बांधून पुरे केल्याचे या नाण्यावरून कळत होते. सोन्याचा ऑरियस ज्याच्या हातात कधी पडला नाही, त्याच्या हातात हे चित्र रोज पडत होते.

पितळेची एक खोड भंडाऱ्याच्या ओतकाम करणाऱ्याला सांगावी लागत नाही. पितळ वितळू लागले की पांढरा धूर उठतो, तो जस्ताचा. प्रत्येक वितळवणीत थोडे जस्त उडून जाते आणि नवे घातले नाही तर मिश्रण लाल होत जाते. रोमच्या टांकसाळीतही हेच झाले. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला सेस्टर्शियसमध्ये जस्ताचा हिस्सा पाचव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक होता. पुढे नवे पितळ बनवण्याऐवजी जुनी नाणी वितळवून पुन्हा पाडण्याची सवय लागली आणि जस्त घटत गेले. तिसऱ्या शतकात ते नावापुरते उरले आणि त्याची जागा शिशाने घेतली. कुठल्या बादशहाने ताजा धातू वापरला आणि कुणी मोडीवर भागवले, हे आज प्रयोगशाळेत एका नाण्याच्या तपासणीवरून सांगता येते. कारभाराच्या घसरणीचा असा पुरावा दरबारच्या कोणत्याही बखरीत सापडणार नाही.

या नाण्यांनी काय मिळत होते? पॉम्पेईच्या भिंतीवर एका दारूगुत्त्याची जाहिरात टिकून आहे: एका आसात प्यायला मिळेल, दोन आसात त्याहून बरी, चार आसात उंची वाइन. रोमच्या सार्वजनिक स्नानगृहात एका क्वाड्रन्समध्ये आंघोळ होत असे. ऑगस्टस वारल्यावर इ.स. १४ मध्ये सरहद्दीवरच्या पॅनोनिया प्रांतातल्या फौजेने बंड केले. जीव आणि शरीर दोन्ही मिळून दिवसाला दहा आस एवढीच आमची किंमत, आणि त्यातूनच कपडे, हत्यारे, तंबू यांचा खर्च, ही त्यांची तक्रार रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे. साम्राज्याच्या सरहद्दी राखणाऱ्या माणसाचा हिशेब सोन्यात नव्हता, आसात होता. फौजेच्या छावण्यांत सुट्ट्या पैशांची इतकी चणचण पडे की आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात तांब्याची नाणी छिन्नीने मधोमध तोडून अर्धी चालवली जात. ती तोडलेली अर्धुके आज संग्रहालयांत आहेत. बाजारात चिल्लर नव्हती, हे सांगायला दुसऱ्या कागदाची गरज नाही.

पुढचा काळ तर हलक्या धातूच्या नाण्यांवरूनच समजतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर परकी स्वाऱ्या, बंडे आणि भराभर बदलणारे बादशहा यांच्या गदारोळात चांदीच्या नाण्यातली चांदी काढून घेतली जाऊ लागली. इ.स. २७० च्या आसपास ‘चांदीचे’ म्हणून दिल्या जाणाऱ्या नाण्यात चांदी शेकडा पाचहूनही कमी उरली. आत कासे आणि वर चांदीचा हलका मुलामा. चार हातांतून गेले की मुलामा उडे. महागाई भडकली. डायोक्लेशन बादशहाने इ.स. २९४ च्या सुमारास मोठे नवे काशाचे नाणे काढले आणि ३०१ मध्ये वस्तूंचे कमाल भाव दगडांवर कोरून ठिकठिकाणी लावले. भाव रोखले गेले नाहीत. ते नवे नाणेही लहान होत गेले आणि पाचव्या शतकापर्यंत एक ग्रॅमच्या आसपासची, बोटाच्या नखाएवढी टिकली उरली. शेवटी इ.स. ४९८ मध्ये पूर्वेकडच्या अनास्टासियस बादशहाने अशा चाळीस टिकल्यांच्या किमतीचे मोठे तांब्याचे नाणे पाडले, तेव्हा बाजाराला पुन्हा हातात धरण्याजोगा पैसा मिळाला. सामान्य माणसाच्या बचतीचे पाणी कसे झाले, ते या टिकल्या सांगतात.

आता रोमचा आणि आपला संबंध. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्शियसचा पैसा खेचून नेतो. हिशेब त्याने पितळी नाण्यात मांडला. जहाजांतून प्रत्यक्ष येत होती ती मुख्यतः सोन्या-चांदीची नाणी. रोमन तांब्याची नाणी इकडे मोठ्या संख्येने येतात ती उशिरा, चौथ्या-पाचव्या शतकातली. तमिळनाडूत करूर आणि मदुराईच्या परिसरात आणि श्रीलंकेत ती सापडतात: लहान, झिजलेली, हातोहात फिरलेली. श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. म्हणजे परक्या बादशहाच्या टिकलीने तिथल्या बाजारात मीठ-मिरची घेतली जात होती. ही नाणी एकेक पाहिली तर मातीमोल. एकत्र पाहिली तर दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा रोजचा बाजार त्यांत दिसतो.

महाराष्ट्राच्या वाट्याला रोमकडून नाण्यांइतकाच महत्त्वाचा दुसरा ऐवज आला: धातू. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवहीत भडोच बंदराच्या आयातीची यादी आहे. तीत तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे. सोन्या-चांदीची नाणीही आहेत आणि ती स्थानिक चलनात बदलताना नफा होतो, असा शेराही आहे. त्याच वहीत पैठण आणि तेर या आपल्या दोन नगरांतून गाड्यांवर लादून माल भडोचला येतो, असे सांगितले आहे. प्लिनीने तर हिंदुस्थानात तांबे आणि शिसे नाहीच, तिथले लोक रत्ने-मोती देऊन ते घेतात, असे लिहिले. तांब्याबद्दल तो साफ चुकला. भंडाऱ्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची खाण त्याला खोटे ठरवायला पुरेशी आहे. पण कथलाची इकडे खरीच टंचाई होती. सातवाहनांची असंख्य नाणी तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची आहेत. नाणेशास्त्राचे अभ्यासक त्या धातूला पोटीन म्हणतात. भडोचला उतरलेल्या धातूतला काही वाटा या नाण्यांत उतरला असण्याचा संभव मोठा आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती तर थेट रोमन जगातून आलेली. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. एखाद्या भट्टीत तिचे दोन-चार घुंगरू झाले असते, तर पंचगंगेकाठचे ते नगर सातासमुद्रापलीकडच्या व्यापाराशी जोडलेले होते, याचा सर्वात बोलका पुरावा गेला असता.

विदर्भाने तर हलक्या धातूच्या नाण्यांची थोरवी स्वतः अनुभवली आहे. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा या गावी सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा निघाला. दीड हजाराच्या वर नाणी, सोन्याचा कण नाही, चांदीचा कण नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरे. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडणारे उज्जयिनी चिन्ह. या वाचनातून सातवाहन राजांची लांबलचक माळ हाती आली आणि तीत कुंभ, कर्ण आणि शक असे तीन राजे असे निघाले की ज्यांचा पुराणांच्या वंशावळीत पत्ता नव्हता. ज्या राजांना पुराणे विसरली, त्यांना या काळपट चकत्यांनी लक्षात ठेवले.

इथे एक बारकावा नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. या नाण्यांची चकती लहान आणि ठसा मोठा. त्यामुळे एका नाण्यावर राजाचे पूर्ण नाव सहसा बसत नाही. एकावर आरंभीची दोन अक्षरे उमटतात, दुसऱ्यावर मधली तीन, तिसऱ्यावर शेवटची. शेकडो नाणी शेजारी शेजारी मांडली की मग नाव पुरे होते. म्हणजे साठ्यातली निम्मी नाणी वाटेत गायब झाली, तर निम्मा इतिहास उरतो असे नाही. एखादा राजा पुरताच नाहीसा होऊ शकतो. म्हणूनच सगळा साठा एकत्र राहणे हेच त्याचे खरे मोल. सुटे नाणे संग्राहकाच्या कपाटात कितीही जपले, तरी त्याची ही वाचा गेलेली असते.

कारध्याहून वैनगंगेच्या खालच्या अंगाला पवनी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप उघडा पडला, त्याच्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली मिळाली. याच पवनीत मिळालेल्या एका स्तंभावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचे नाव आहे. तो स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. एवढ्या नगरात बाजार भरत असणार, नावा लागत असणार, पैसा फिरत असणार. वैनगंगेच्या या पट्ट्यातला तो रोजचा पैसा मुख्यतः तांब्याचा आणि पोटीनचाच होता. तो अजून मातीत आहे, आणि ती माती आज जेवढी हलवली जात आहे तेवढी पूर्वी कधीच हलली नव्हती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने गावे उठली, नव्या जागी घरांचे पाये खणले गेले, कालव्यांचे चर पडले, महामार्ग रुंद झाला, नदीपात्रातून रेतीचे टिप्पर अखंड निघत आहेत. जेसीबीच्या एका फावड्यात मडके फुटते आणि त्यातला ऐवज मुरमाबरोबर दुसऱ्या गावच्या भरावात जाऊन पडतो. कुणाच्या लक्षात आलाच तर त्याचा रस्ता मोडीच्या दुकानाकडे वळतो.

असे का होते, याचे उत्तर लोकांच्या अज्ञानात शोधणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. दोष मोठ्या अंशी कायद्याचा आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा. जमिनीत लपलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, अशी त्याची व्याख्या उदार आहे. तांबेही तीत येते. किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. न कळवल्यास हक्क जातो आणि शिक्षाही होते. धनाला कुणी मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. इथपर्यंत ठीक. पण सरकारला तो निधी स्वतःकडे घ्यायचा असेल तर मोबदला किती? वस्तू ज्या धातूची, त्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. बस्स.

या कलमाचा हिशेब करून पाहावा. तांब्या-पोटीनच्या नाण्यांचा पाच किलोचा साठा एखाद्या शेतमजुराला सापडला आणि मोडीचा भाव किलोला सहाशे रुपये धरला. धातूची किंमत तीन हजार, पंचमांश सहाशे, एकूण तीन हजार सहाशे. त्यातले सत्तावीसशे मजुराचे, नऊशे मालकाचे. त्यासाठी लेखी अर्ज, तालुक्याला खेपा, जबाब आणि पोलिसांची विचारपूस. उलट मोडवाला तिथल्या तिथे रोख देतो आणि प्रश्न विचारत नाही. सोन्याच्या बाबतीत धातूची किंमतच एवढी असते की हे कलम निदान सहन होते. तांब्याच्या बाबतीत ते माणसाला प्रामाणिक राहू नकोस असेच सांगते. ज्या नाण्यांतून तीन राजांची नावे मिळतात, त्यांची किंमत कायदा फुटक्या गुंडाएवढी धरतो.

आपल्यावर हा कायदा लादणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात काय केले, ते पाहण्याजोगे आहे. तिथल्या जुन्या रिवाजात सोने-चांदी असेल तरच निधी मानला जाई. काशाची रोमन नाणी त्यात बसत नसत. १९९६ मध्ये त्यांनी नवा कायदा केला. तीनशे वर्षांहून जुनी, हलक्या धातूची दहा नाणी एकत्र सापडली तरी तो निधी, असे ठरले. मोबदला धातूच्या वजनावर ठरत नाही, बाजारमूल्यावर ठरतो, आणि ते तज्ज्ञांची समिती ठरवते. सुट्या नाण्यांची नोंद स्वेच्छेने करून घेणारी यंत्रणाही उभी राहिली आणि तिच्याकडे दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या.

त्याचे फळ २०१० च्या एप्रिलमध्ये दिसले. सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ एका हौशी शोधकाला शेतात मडक्याचे तोंड लागले. आत रोमन नाणी दिसताच त्याने खणणे थांबवले, खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी येऊन ते मडके थरथराने रिकामे केले. नाणी निघाली ५२,५०३; वजन सुमारे १६० किलो; जवळजवळ सगळी कासे आणि नावापुरती चांदी असलेली तिसऱ्या शतकातली नाणी. थर जपल्यामुळे एक मोठी गोष्ट कळली. साठ्यातली सर्वात उशिराची, करॉसियस बादशहाची नाणी वर नव्हती, बरीच खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षे थोडे थोडे टाकून भरलेला हा गल्ला नव्हता. सारी नाणी एकाच वेळी ओतली गेली असावीत. त्यावरून हे देवाला वाहिलेले सामुदायिक दान असावे, असा विचार पुढे आला. भराभर उपसली असती तर हे कुणालाही कधीच कळले नसते. हा साठा ३,२०,२५० पौंडांना विकत घेऊन सॉमरसेटच्या संग्रहालयात ठेवला गेला आणि ती रक्कम शोधक व जमीनमालक यांना मिळाली. त्या माणसाचा प्रामाणिकपणा वाखाणायलाच हवा. पण त्याच्या प्रामाणिकपणाला कायद्याने पाठबळ दिले होते, हेही तितकेच खरे.

आपल्या शेतकऱ्या-मजुरांचा प्रामाणिकपणा कुणाहून कमी नाही. त्याला असे पाठबळ द्या, एवढीच आमची मागणी आहे. १८७८ च्या कायद्यातले धातूच्या किमतीचे आणि पंचमांशाचे कलम बदलावे. मोबदला नाण्याच्या ऐतिहासिक मोलावर ठरावा आणि तो ठरवताना नाणेशास्त्राचा जाणकार असावा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, नागपूरला विद्यापीठाचा प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व विभाग आहे. जाणकारांची वाण नाही. कायदा बदलेपर्यंत जिल्हा प्रशासनाला हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. रेतीघाटांच्या लिलावाच्या अटींत, कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कंत्राटांत, जुनी वस्तू दिसताच काम थांबवून तहसीलदारांना कळवण्याची अट ठळक घालावी आणि ती पाळली जाते का, हे पाहावे. कळवणाऱ्या माणसाला चोर समजून जबाब घेण्याऐवजी ग्रामसभेत त्याचा सत्कार करावा. आणि जमा झालेला साठा मालखान्यात सीलबंद पडून राहू नये. ठरावीक मुदतीत त्याचे छायाचित्रण, वाचन आणि प्रकाशन झालेच पाहिजे. सापडवणाऱ्याला आपले नाणे शेवटी कुणाच्या राज्यातले निघाले, हे कळण्याचा हक्क आहे.

भंडाऱ्याच्या पितळ-तांब्याच्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना आमचे वेगळे सांगणे आहे. मोडीत आलेला धातू भट्टीत जाण्याआधी शेवटची नजर तुमचीच पडते. पिढ्यान्‌पिढ्यांचा धातूचा अनुभव तुमच्या हातात आहे. नुसत्या वजनावरून आणि आवाजावरून तुम्ही मिश्रण ओळखता. मोडीच्या ढिगात ठसा असलेली जुनी चकती दिसली तर ती बाजूला काढा आणि कळवा. तुमच्या एका नजरेने जे वाचेल, ते कोणत्याही संग्रहालयाला पैसे देऊन परत आणता येणार नाही.

आणि वाचकांना एवढेच. कारध्यापासून पवनीपर्यंत कुठेही, शेतात, पायात, कालव्याच्या चरात किंवा नदीच्या रेतीत जुनी नाणी दिसली, तर हात आवरा. चिंच, राख, आम्ल लावून घासू नका. हिरव्या पुटाबरोबर अक्षरेही निघून जातात. वाटून घेऊ नका, मडके फुटले असले तरी खापरे टाकू नका, जागेचा फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. नाणे सोन्याचे आहे की तांब्याचे, हे पाहून हा निर्णय घेऊ नका. तांब्याचे असेल तर कळवणे जास्तच गरजेचे आहे.